बावीस आटे

पहाटे पावणेपाचला रस्त्यात लोखंड वाजतं.
बेंडकुळे आला.
चेंबरचं झाकण तो पायानेच सरकवतो,
लांब चावी आत सोडतो
आणि तोंडाने मोजत फिरवतो, बावीस आटे.
आमच्या टाक्यांत आधी हवा खोकते, मग पाणी.

आनंदवल्लीच्या वरच्या अंगाला दीड तास.
खाली नाल्याकडच्या वस्तीला पस्तीस मिनिटं.
हे मला माहीत होतं, जसा
आपल्या पाठीवरचा तीळ आपल्याला माहीत असतो.

मी राजकारणात पडत नाही.
चौतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटांवरचे नंबर तपासले.
सरकारं आली, गेली,
आकडा सरळ उठला की माझं काम झालं.
डबा, बस, घर.
मत देतो; कुणाला, ते बायकोलाही कधी सांगितलं नाही.
सोसायटीच्या ग्रुपवर नियम मीच टाकला:
राजकीय पोस्ट नको,
सणांच्या शुभेच्छा चालतील.

वैशाखात वस्तीतून हौसाबाई पगारे आली.
हातात फुलस्केप, खाली सह्या, सात-आठ अंगठे.
“सगळ्यांना सारखा वेळ पानी द्या, येवढंच लिवलंय.
तुमच्यासारख्याची सही असली तर सायेब वाचतो.”
मी म्हटलं, बाई, मी या भानगडीत नसतो.
आणि उन्हातून आली म्हणून
माठातलं पाणी दिलं, वाळा घातलेलं.
ती उभ्यानेच प्याली.
भांडं परत देण्याआधी तिने आत पाहिलं,
तळाशी घोटभर उरलं होतं,
ते आमच्या जास्वंदीला घातलं
आणि कागदाची घडी करत जिना उतरली.

त्याच आठवड्यात एका सकाळी
आमचा नळ तासाभरातच बसला.
खालून हंड्यांचे आवाज, उशिरापर्यंत.
कुणीतरी पोराला दुसऱ्यांदा साबण लावत होतं,
पोर ओरडत होतं, बाया हसत होत्या.
मी तक्रारीचा नंबर फिरवला.
ते राजकारण नव्हतं. तक्रार होती.
तारीख, वेळ, गल्ली;
आकडे मला नीट सांगता येतात.

बेंडकुळेला मेमो मिळाला.
मी विचारलं तर म्हणाला,
“डोळा लागला हो साहेब, व्हॉल्व्हपाशीच.
आपल्याला कुठलं राजकारण कळतं?
आपण चावी फिरवणारे.”
आणि हसला.
हसताना माझ्याकडे बघत नव्हता,
माझ्या गच्चीकडे बघत होता.
टाकी भरून वाहत होती,
भिंतीवर पाण्याची लांब काळी जीभ उतरली होती,
आणि मोटार बंद करायला
घरातलं कुणी उठलं नव्हतं. मीही नाही,
मी खाली उभा राहून त्याला विचारत होतो ना.

गंगेला पूर आला की आम्ही सगळे होळकर पुलावर जातो.
दुतोंड्या मारुतीला कुठवर लागलं?
कमरेला. नाही, छातीला.
लोक फोटो काढतात, भजी खातात.
यंदा मी त्याच्या तोंडांकडेच पाहत राहिलो.
त्याला निदान दोन बाजूंना तोंडं आहेत.
मी एकच ठेवलं आयुष्यभर,
तेही भिंतीकडे,
आणि त्याला मधोमध म्हणत आलो.

बेंडकुळेची सातपूरला बदली झाली.
आता नवा पोरगा येतो, कानात वायर घालून,
मोबाइलवर वेळ लावून.
मला पावणेपाचच्या आधीच जाग येते.
त्याचे आटे मी अंथरुणातूनच मोजतो:
एकोणीस, वीस, एकवीस.
बाविसाव्याला तो थांबतो.
मग टाकीत हवा खोकते,
आणि मी कूस बदलतो.